पावसाळ्यात तळघराच्या भिंतीतून आणि लिफ्टच्या खड्ड्यात पाणी येतंय, काय करावं? (पर्वरी, गोवा)

तिसरा_मजला | ६ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

पर्वरीला उतारावर आमची सोसायटी आहे. २४ फ्लॅट, खाली तळघरात गाड्या. इमारत १२ वर्षांची. डोंगराकडची तळघराची भिंत सव्वातीन मीटर मातीत आहे, जाडी २५० मिलिमीटर. मिरग लागून दहा-बारा दिवस झाले की त्या भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीपासून वीतभर वर, आडव्या रेषेत पाणी सुटतं. आधी काळपट ओल, मग थेंब, आणि जुलैत दोन-तीन ठिकाणी करंगळीएवढी धार. लिफ्टचा खड्डा तर तळघराच्याही दीड मीटर खाली. त्यात गुडघाभर पाणी साचतं. पंप लावला आहे, पण वीज गेली की पाणी लिफ्टखालच्या स्प्रिंगपर्यंत चढतं आणि लिफ्ट बंद ठेवावी लागते. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या आजींना आम्ही चौघांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. त्या सबंध वेळ डोळे मिटून होत्या. तेव्हापासून मला झोप नाही.

गेल्या मे महिन्यात एका कंत्राटदाराने आतून पूर्ण भिंतीला वॉटरप्रूफिंग गिलावा केला, वर पांढऱ्या कोटिंगचे दोन हात दिले. पाच वर्षांची लेखी हमी. जूनअखेर त्या गिलाव्याला फुगे आले. मी एक फुगा स्कूटरच्या चावीने टोचला, तर पिचकारीसारखं पाणी अंगावर आलं. परवा रात्री पाच-सहा फुटांची खपली पडून एकाच्या गाडीची काच फुटली. कंत्राटदार म्हणतो, पावसाळा संपू द्या, भिंत सुकली की पुन्हा करून देतो.

सोसायटीचे पैसे दुसऱ्यांदा खर्च होणार आहेत, तिसऱ्यांदा होऊ नयेत. ज्यांनी हे काम केलंय किंवा भोगलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

इंजेक्शनवाला | ६ जुलै, रात्री ११.१५

मी फोंड्याचा. गळक्या काँक्रीटमध्ये भोकं पाडून इंजेक्शनने रसायन भरायचं, १४ वर्षं हेच काम करतो.

वीतभर उंचीवर आडवी रेषा, हे वाचलं आणि अर्धं निदान झालं. तळाचा राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा काँक्रीटचा जाड थर, ओततात तेव्हा भिंतीचा पहिला वीतभर पट्टा त्याच्यासोबत घेतात, त्याला साइटवर किकर म्हणतात. उरलेली भिंत आठ-पंधरा दिवसांनी त्याच्यावर उभी राहते. जुनं काँक्रीट आणि नवं काँक्रीट भेटतं तो सांधा तुमचा गळतोय. जुन्या काँक्रीटवर सिमेंटची साय धरलेली असते. ती छिनीने टोचून, ब्रशने घासून, धुऊन काढायची असते. बहुतेक साइटवर तसं होत नाही. वर भुसा, तारांचे तुकडे, सुतारांचे खिळे पडलेले असतात, त्यावरच भिंत ओततात. सांध्यात वॉटरस्टॉपची पट्टी घातली असेल तरी ती सळयांना नीट बांधलेली नसली तर ओतताना आडवी होते.

कंत्राटदाराचं एक म्हणणं मात्र मला मुळीच पटत नाही. पावसाळा संपू देऊ नका. काम आत्ता करा, पाणी चालू असताना. मे महिन्यात सगळी भिंत सारखीच कोरडी असते. कुठली भेग आरपार आहे आणि कुठली नुसती वरवरची, हे मे महिन्यात कुणीही सांगू शकत नाही. जुलैत पाणी स्वतः बोट दाखवतं.

भारवाही | ७ जुलै, सकाळी ८.०५

पणजीत स्ट्रक्चरल डिझाइन करतो. गिलावा का पडला ते आधी समजून घ्या, म्हणजे तीच चूक दुसऱ्या नावाने कुणी विकणार नाही.

एक मीटर उभ्या पाण्याचा तळाशी दाब चौरस मीटरला साधारण एक टन. भिंतीमागे पाणी तीन मीटर चढलं तर पायथ्याला चौरस मीटरमागे तीन टन. हा दाब सांध्यातून आत आला की गिलाव्याच्या पाठीवर बसतो आणि त्याला भिंतीपासून ढकलतो. गिलावा कितीही चांगला असला तरी त्याची भिंतीवरची पकड एवढ्या दाबापुढे एखाद्या कमकुवत जागी सुटतेच. पाण्याच्या टाकीत उलट असतं, तिथे आतलं पाणी गिलाव्याला भिंतीवर दाबून धरतं. म्हणून टाकीत टिकलेला माल तळघरात टिकेल असं धरू नका.

आणि एक गोष्ट आजच बघा. लिफ्टच्या खड्ड्यातून पंपाने जे पाणी बाहेर काढता ते काचेच्या स्वच्छ बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला काय बसलंय ते इथे लिहा. हे गंभीरपणे सांगतोय.

शहाबादी | ७ जुलै, दुपारी १.३०

मडगावला राहतो. ३० वर्षं साइट सुपरवायझर होतो, आता निवृत्त.

आमच्या वेळी तळघर म्हटलं की बॉक्स वॉटरप्रूफिंग ठरलेलं. खड्डा खणला की तळाला पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, त्यावर मसाल्यात शहाबादी फरशी, सांधे सिमेंटच्या रबडीने भरून घ्यायचे, मग राफ्ट. भिंती झाल्या की बाहेरच्या अंगाला पुन्हा फरशी उभी करायची, भिंत आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर फट ठेवून त्यात रबडी ओतायची. सबंध इमारत दगडाच्या पेटीत बसायची. पाणी पेटीवर दाबायचं, पेटी काँक्रीटवर दाबायची. भारवाही म्हणतात तोच न्याय, पाणी ज्या बाजूने येतं त्याच बाजूला अडवायचं.

आता तुमच्या भिंतीच्या बाहेर जाता येतं का? चार मीटर जागा मोकळी असेल तर बाहेरून खणून कोटिंग आणि फरशी करून घ्या. एकदाच खर्च होईल. आतून सुया टोचण्यावर माझा विश्वास कमी आहे. एक भोक बुजलं की पाणी शेजारून निघतं.

पाणी थोपवणं या मुलखाला नवीन नाही. आग्वादच्या किल्ल्याचं टाकं १६१२ च्या काळचं, २३ लाख ७६ हजार गॅलनचं, याच जांभ्यात. पोर्तुगीजांनी घाई केली नव्हती.

इंजेक्शनवाला | ७ जुलै, दुपारी २.१०

काका, तुमच्या पेटीबद्दल मला आदर आहे, नवीन बांधकामात मीही तेच सांगेन. पण इथे जुलै आहे. भरपावसात डोंगराच्या बाजूला साडेतीन मीटर खोल चर खणला तर कड ढासळेल आणि माणसं गाडली जातील. बाहेरून काम करायचंच झालं तर फेब्रुवारी ते एप्रिल. आणि राफ्टच्या खाली तर तेव्हाही कुणी जाऊ शकणार नाही, लिफ्टच्या खड्ड्याला आतूनच हात घालावा लागेल.

शेजारून निघतं हे मात्र खरं आहे. म्हणून सुटे पॅच करायचे नसतात. सांध्याची पूर्ण लांबी घ्यायची आणि कोरड्या भागात दोन्ही टोकांना मीटरभर पुढे जायचं.

तिसरा_मजला | ८ जुलै, सकाळी ७.५०

बाटली भरून ठेवली होती. सकाळी वरचं पाणी नितळ, तळाला अर्धा बोट जाडीचा मऊ पिवळट-पांढरा गाळ. बोटाने चोळला तर साबणासारखा गुळगुळीत लागतो.

भिंतीतून येतं त्या पाण्याची बाटलीही भरली होती, त्यात गाळ जवळपास नाही, तांबूस रंग आहे.

डोंगरावर राहून एवढं पाणी कुठून येतं, हे मला अजून कळलेलं नाही. नदी केवढी खाली!

रानमोगरी | ८ जुलै, सायंकाळी ५.२०

मी पेडण्याची, भूगोल-भूशास्त्र शिकवते. बाटलीतला तो गुळगुळीत गाळ म्हणजे शेडी.

आपल्या पठारांवर वर जांभ्याचं कडक कवच असतं. चिरेखाणीत उभं राहून बघितलंत तर त्यात बोट जाईल अशी भोकं आणि नळ्या दिसतात. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. जांभा तो पिऊन घेतो. त्याच्या खाली शेडी, म्हणजे कुजलेल्या खडकाची मऊ चिकणमाती. ती पाणी पटकन खाली जाऊ देत नाही. मग पाणी शेडीच्या डोक्यावरून आडवं चालू लागतं आणि डोंगराची कूस जिथे कापली जाते तिथे झर होऊन फुटतं. आपल्या देवळांच्या तळ्या आणि झरी अशाच जागी आहेत. तुमच्या बिल्डरने तळघरासाठी नेमकी ती कूस कापली. नदीचा तुमच्या पाण्याशी संबंध नाही, तुम्ही झरीच्या तोंडावर भिंत बांधून राहताय.

शेडी कोरडी असताना कुदळीला दाद देत नाही, पाणी मिळालं की लोण्यासारखी वाहते. आमच्या पेडण्याच्या बोगद्यात कोकण रेल्वेला या मऊ मातीशी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. मार्ग सलग सुरू झाला तो जानेवारी १९९८ मध्ये. आणि एवढी वर्षं वापरात असलेल्या त्याच बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल आत आला, गाड्या रद्द कराव्या लागल्या, काही दुसऱ्या मार्गाने वळवल्या. म्हणून भारवाहींनी बाटली भरायला सांगितली ते फार बरं केलं. पाण्याबरोबर माती येते तेव्हा तिची जागा मागे रिकामी होत असते.

भारवाही | ८ जुलै, रात्री ८.४५

रानमोगरीताईंनी नेमकं लिहिलं. लिफ्टच्या खड्ड्याखालची माती पंपाने तुम्हीच बाहेर काढताय. आजपासून खड्डा सतत कोरडा ठेवण्याचा आग्रह सोडा. स्प्रिंगच्या वीतभर खालपर्यंत पाणी राहू द्या आणि पंप त्याच पातळीला सुरू-बंद होईल असा फ्लोट लावा. आतलं पाणी जेवढं चढेल तेवढा आत-बाहेरचा फरक कमी, आणि तेवढी माती कमी सुटेल. लिफ्टवाल्याला बोलावून विजेचे भाग पाण्यापासून सुरक्षित आहेत ना, हे पाहून घ्या. तोवर लिफ्ट चालवू नका.

दुसरं, भिंतीवरचा तांबडा रंग. जांभ्यातल्या लोहाचा गाळ बोटाने पुसला जातो, बुळबुळीत असतो. सळई गंजली असेल तर डाग सळईच्या रेषेत उमटतो, तिथे बारीक भेग असते, आणि छोट्या हातोडीने ठोकलं की टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. सगळी भिंत ठोकून बघा, बद्द वाजेल तिथे खडूने गोल करा.

सांतिनेझकाठ | ९ जुलै, सकाळी १०.००

धाग्यात मध्येच घुसतोय, पण विषय जवळचा आहे. पणजीत सांतिनेझ नाल्याच्या जवळ आमचं जुनं घर. अंगणात सम्प, म्हणजे जमिनीतली पाण्याची टाकी, आहे, बाहेरून ३ मीटर लांब, २ रुंद, २ खोल, सगळीकडून १५० मिलिमीटरचं काँक्रीट. भरती आली की त्यातलं पाणी मचूळ लागतं, ओहोटीला पातळी उतरते. येत्या रविवारी पूर्ण उपसून आतून इपॉक्सी मारून घ्यायचं ठरवलंय. इंजेक्शन लागेल का?

भारवाही | ९ जुलै, सकाळी १०.१२

रविवारी उपसू नका!

हिशेब करा. बाहेरून ३ × २ × २ म्हणजे १२ घनमीटर. जमिनीत पाणी पृष्ठभागापर्यंत असेल, जे तुमच्याकडे जुलैत असतंच, तर ते या पेटीला १२ टनांनी वर उचलतं. काँक्रीट आहे सुमारे ४.२ घनमीटर, वजन साडेदहा टन. भरलेल्या सम्पात आतलं पाणीच त्याला दाबून धरतंय. रिकामा केलात की तो होडीसारखा वर यायला बघेल. बाजूच्या मातीची पकड थोडी मदत करेल, तिच्यावर भिस्त ठेवू नका. वर आला नाही तरी तळाला तडा जाईल आणि नळाची जोडणी तुटेल.

हे काम मे महिन्यात, ओहोटी बघून, अर्धं-अर्धं उपसून करा. तोवर त्यातलं पाणी प्यायला वापरू नका. नाल्यातलं पाणी आत येतंय म्हणजे सांडपाणीही येऊ शकतं. खाऱ्या जमिनीत सळई फार लवकर गंजते, तेही तेव्हा तपासा. नवीन बांधायचा झाला तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारपट्टीच्या हवेला किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. त्यात काटकसर नको.

सांतिनेझकाठ | ९ जुलै, सकाळी १०.४०

माणसं सांगून ठेवली होती. आत्ताच फोन करून रद्द केलं. देव बरें करूं.

इंजेक्शनवाला | ९ जुलै, रात्री १०.३०

तिसरा_मजला, आता तुमच्या कामाचं सविस्तर लिहितो. कुणालाही काम दिलंत तरी हे सगळं त्याने करायला हवं.

आधी पाणी कुणाचं ते ठरवा. मीटरजवळच्या नळाचं पाणी आणि गळतीचं पाणी दोन्हींत क्लोरीन तपासायचे थेंब टाका. गळतीचं पाणीही पिवळं झालं तर तुमची पाइपलाइन फुटलीय. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने दोन्ही मोजा. आणि गच्चीचं पावसाचं पाणी कुठे जातं ते पाइप धरून शेवटपर्यंत जाऊन बघा. हे माझ्यासाठी करा. निम्म्या ठिकाणी गोष्ट तिथेच सापडते.

मग जुना गिलावा सांध्याच्या वर-खाली फूटभर पूर्ण काढायचा. जिथे धार जोरात आहे तिथे एकदम बंद करायला जायचं नाही. पाण्याला आधी वाट द्यायची. धारेच्या तोंडाशी अर्ध्या इंचाचा पाइप बसवायचा, सगळं पाणी त्यातून बाहेर पडू द्यायचं, आणि भोवतीची खाच वॉटरप्लगने, म्हणजे मिनिटांत घट्ट होणाऱ्या सिमेंटने, भरायची. खाच व्ही आकाराची नको, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद हवी, म्हणजे माल मागून ढकलला तरी निघत नाही. वॉटरप्लग हातात मळून लाडवाएवढा गोळा करायचा, तो तळहाताला गरम लागू लागला की त्याच क्षणी खाचेत दाबायचा आणि तीन-चार मिनिटं हात हलवायचा नाही. लवकर दाबलात तर पाणी धुऊन नेतं, उशीर केलात तर हातातच दगड होतो. नवीन मुलांना मी आधी कोरड्या विटेवर दहा गोळे दाबायला लावतो. हातमोजे घालूनच, सिमेंट कातडी खातं.

पाणी पाइपात आलं की मग इंजेक्शन. भिंत २५० ची, म्हणून सांध्यापासून १२५ मिलिमीटरवर ४५ अंशांत भोक पाडायचं, म्हणजे ते भिंतीच्या मध्यावर सांध्याला छेदतं. पुढचं भोक २०० मिलिमीटरवर. उभ्या भेगेवर दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून पाडतात, तुमच्या किकरच्या सांध्याला ती सगळी वरून पाडावी लागतील, खाली राफ्ट आहे. सळई लागली तर थांबायचं, जागा बदलायची, सळई कापायची नाही. भोकातली धूळ पाण्याने धुतली नाही तर सगळं वाया. मग पॅकर, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या तोट्या, बसवायचे, आणि एका टोकाकडून सुरू करून कमी दाबाने पॉलीयुरेथेन सोडायचं. शेजारच्या पॅकरमधून माल डोकावला की पुढच्यावर जायचं. हा माल पाण्याला भेटला की फुगून फेस होतो.

आता खरी मेख. पॉलीयुरेथेनच्या दोन जाती. एक पाणी धरून ठेवणारी, जेलसारखी. ती ओली आहे तोवर उत्तम, सुकली की आकसते. उन्हाळ्यात तुमच्या भिंतीमागचं पाणी खाली जातं, एप्रिल-मेमध्ये जेल आकसेल आणि जूनमध्ये तीच रेषा पुन्हा गळेल. लोक म्हणतात इंजेक्शन टिकत नाही, ते यामुळेही. आपल्याकडे पाणी न धरणारा, बंद पेशींचा फेस हवा. आणि फेसही एकट्याने पुरत नाही. तो पाणी थांबवतो. त्यानंतर त्याच पॅकरमधून किंवा शेजारी नवीन भोकं पाडून न फुगणारं लवचीक रेझिन भरायचं, ते भेग कायमची भरतं. कोटेशनमध्ये हे दोन्ही टप्पे वेगळे लिहून घ्या. एकच टप्पा लिहिला असेल तर सही करू नका.

लिफ्टच्या खड्ड्यात तेच, पण माती सुटलेली असल्यामुळे तळाला आधी भोकं पाडून पोकळी आहे का बघावी लागेल. असली तर आधी पातळ सिमेंट ग्राउट, मग रेझिन. खड्ड्यात उतरणाऱ्या माणसासाठी पंखा, चष्मा, हातमोजे, आणि वर एक माणूस कायम उभा. या रसायनांची वाफ बंद जागेत छातीला लागते. घाईच्या कामात माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाला रात्रभर दवाखान्यात बसावं लागलंय, तेव्हापासून पंख्याशिवाय मी कुणाला उतरू देत नाही.

तिसरा_मजला | १३ जुलै, रात्री ९.००

पाइप धरून शेवटपर्यंत गेलो.

गच्चीचे चारपैकी दोन पाइप डोंगराच्या बाजूच्या चेंबरमध्ये उतरतात. झाकण उघडलं तर चेंबरला तळच नाही. खाली जांभ्याची भोकं दिसत होती आणि पाणी खळखळ आवाज करत त्यात जात होतं. गच्ची ४०० चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पावसाच्या दिवशी गच्चीवर ४० हजार लिटर, त्यातलं निम्मं, २० हजार लिटर, आम्ही स्वतः आमच्या भिंतीमागे ओततोय. बारा वर्षं.

क्लोरीन नाही, म्हणजे पाइपलाइन फुटलेली नाही. हातोडीने भिंत ठोकली, फक्त एका कोपऱ्यात दोन हात बद्द वाजते.

दोन्ही पाइप तात्पुरते कोपरे लावून रस्त्याकडच्या गटारात वळवले. तिसऱ्या दिवशी करंगळीएवढी धार आगपेटीच्या काडीएवढी झाली. एक रुपयाचंही रसायन न घालता.

शहाबादी | १३ जुलै, रात्री ९.४५

शाबास. हे वाचून बरं वाटलं. आता फेब्रुवारीत डोंगराच्या बाजूला, भिंतीपासून दोन-अडीच मीटर सोडून, चर खणून घ्या. तळाला भोकं असलेला पाइप, भोवती खडी, खडीला जिओटेक्स्टाइलचं कापड, नाहीतर शेडी दोन पावसांत खडी बुजवेल. पाइपाला उतार देऊन इमारतीच्या कडेने खाली सोडा. भिंतीपर्यंत पाणी पोचूच द्यायचं नाही.

आणि इंजेक्शनवाल्याने लिहिलं तसं दोन टप्प्यांत होत असेल तर माझा विरोध मागे घेतो. आमच्या वेळी मी एक टप्प्याचीच बघितली होती.

तिसरा_मजला | २४ ऑगस्ट, रात्री १०.१०

काम झालं. सहा दिवस लागले. फोंड्याहून पथक आलं होतं, पहिला दिवस फक्त गिलावा काढण्यात गेला. सांध्यात काय निघालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही: लाकडाचा भुसा, एक गंजलेला खिळा आणि बांधकामाच्या वेळच्या सिमेंटच्या गोणीचा तुकडा, अजून ओला.

लिफ्टच्या खड्ड्याखाली पोकळी होती. एका कोपऱ्यात भोकातून सळी घातली तर हातभर आत गेली. तिथे अकरा गोणी सिमेंटचं ग्राउट गेलं. मी वर उभा राहून मोजत होतो, चौथ्या गोणीनंतर बोलणं बंद झालं सगळ्यांचं.

आता खड्डा कोरडा आहे. चतुर्थीच्या आधी लिफ्ट सुरू झाली. आजी स्वतः बटण दाबून खाली आल्या.

रानमोगरी | २५ ऑगस्ट, सकाळी ७.१५

वाचताना डोळे भरून आले. एक सुचवते: चर खणाल तेव्हा भिंतीमागे एक उभा पीव्हीसी पाइप भोकं पाडून, कापड गुंडाळून गाडून ठेवा. त्यात दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते दर रविवारी वहीत लिहा. भिंत कोरडी आहे ती कामामुळे की पाऊस कमी म्हणून, हे तेव्हाच कळेल.

तिसरा_मजला | २२ जुलै, पुढचं वर्ष, रात्री ९.३०

धागा वर आणतोय, कारण वर्षभराचा हिशेब द्यायचं मनात होतं.

मार्चमध्ये चर झाला. तळ नसलेलं चेंबर बुजवलं, गच्चीचे चारही पाइप आता पुढच्या बाजूला. बद्द वाजणारा कोपरा फोडून सळया घासून, गंजरोधक लावून पुन्हा भरला. भिंतीला आतून काहीही लावलेलं नाही, उघडं काँक्रीट ठेवलंय, म्हणजे काही झालं तर लगेच दिसेल.

वहीतल्या नोंदी: मे अखेरीला पाइपात पाणीच नव्हतं. १५ जूनला जमिनीपासून २.९ मीटर खाली. जुलैच्या पहिल्या जोराच्या पावसात २.३ पर्यंत चढलं आणि चराच्या पाइपातून धो धो वाहू लागलं, त्याच्या वर गेलंच नाही. भिंत सांध्याच्या वर पाऊण मीटर पाण्यात उभी आहे आणि सांधा कोरडा आहे. खड्डा कोरडा.

एक शंका. उत्तरेकडच्या टोकाला, जिथे इंजेक्शन संपलं तिथे, ताटलीएवढी ओल दिसतेय. हवेतलं पाणी असेल म्हणून दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून १६ तास ठेवलं. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमलं.

इंजेक्शनवाला | २२ जुलै, रात्री ९.५५

आतल्या बाजूला म्हणजे भिंतीतूनच येतंय. त्या टोकाला आम्ही मीटरभर पुढे गेलो होतो, दीड मीटर जायला हवं होतं. ते माझ्या हिशेबात, दोन पॅकरचं काम आहे, पैसे घेणार नाही.

आत्ता ओलीच्या कडेने खडूने रेघ मारा आणि तारीख लिहा. रविवारी पुन्हा बघा. रेघ ओलांडली असेल तर पाऊस चालू असतानाच येतो.

तिसरा_मजला | २२ जुलै, रात्री १०.२०

खाली जाऊन मारून आलो. पाइपातलं पाणी आत्ता २.४ मीटरवर आहे, तेही खाली खडूने लिहिलं.